लोहाराचे आडनाव आणि कारकुनाची लेखणी

एके काळी बऱ्याच मराठी घरांत वडिलांच्या मनगटावर एक स्विस घड्याळ असे आणि त्याच्या तबकडीवर दोन नावे जोडून छापलेली असत. ती कोणी 'फेवर-ल्यूबा' अशी वाची, तर कोणी 'फॅवरे-लुबा'. आपले वाचन बरोबर की चूक याची चौकशी करण्याचे कारण कोणास पडले नाही. घड्याळ वेळ बरोबर दाखवी, एवढे पुरेसे होते. ह्या दोहोंपैकी पहिले नाव फ्रेंच भाषेतील आहे. त्याचा उच्चार 'फाव्र' असा काहीसा होतो आणि त्याचा अर्थ 'लोहार' असा आहे. आब्राम फाव्र नावाच्या गृहस्थाने १७३७ साली ल लोक्ल ह्या स्विस गावी घड्याळांचा धंदा आरंभिला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या पेढीची घड्याळे मुंबईच्या बाजारात येऊन पोहोचली. घड्याळजी हाही धातूशीच झुंजणारा कारागीर. तेव्हा नाव अगदीच विजोड ठरले नाही. परंतु ते त्यास धंद्यामुळे मिळाले नव्हते. त्याच्या जन्मापूर्वी कित्येक पिढ्या ते त्याच्या कुळास चिकटून बसले होते.

ह्या 'फाव्र' नावाची भावंडे फ्रान्सभर पसरलेली आहेत. त्यांपैकी सर्वांत मोठे कुटुंब उत्तरेचे. तेथे हे नाव 'लफेव्र' असे उच्चारतात. मात्र लिहितात दोन-तीन परींनी. त्यांतील एका लेखनात असे एक अक्षर येते, जे आजवर कोणत्याही लफेव्राने आपल्या नावात कधी उच्चारलेले नाही. ते अक्षर तेथे कसे आले आणि येऊन का राहिले, ही हकीकत सरकारी दप्तरात आयुष्य घालविणाऱ्या वाचकांस आपल्या घरचीच वाटेल.

मूळ शब्द लॅटिन. 'फाबेर' म्हणजे कठीण पदार्थावर काम करणारा कारागीर, आणि पुढे विशेषेकरून लोहार. रोमन साम्राज्य लयास गेले, गॉल प्रांतातील लॅटिन लोकांच्या तोंडी झिजत गेली, आणि त्या झिजेचे नियम आपल्या प्राकृतांच्या नियमांइतकेच काटेकोर होते. उत्तर फ्रान्समध्ये लॅटिनमधील आघातयुक्त 'आ'चा 'ए' झाला : 'मारे' म्हणजे समुद्र, त्याचे 'मेर' झाले. 'र'च्या आधीचा 'ब' मऊ होऊन त्याचा 'व' झाला : ज्या महिन्यास आपण इंग्रजांकडून घेऊन फेब्रुवारी म्हणतो, त्यास फ्रेंच लोक 'फेव्रिये' म्हणतात. हे दोन्ही नियम 'फाबेर' शब्दास लावले म्हणजे 'फेव्र' हाती येतो. लोहकाराचा लोहार, कुंभकाराचा कुंभार आणि सुवर्णकाराचा सोनार ज्या वाटेने झाला, तीच ही वाट.

दक्षिणेकडे मात्र झीज वेगळी झाली. लांगदोक प्रांतात 'आ' टिकला आणि 'ब'ही टिकला. म्हणून तेथे 'फाब्र'. कीटकांच्या जीवनावर ग्रंथमाला लिहिणारे झां-आंरी फाब्र (१८२३–१९१५) हे त्याच बाजूच्या आव्हेरों जिल्ह्यातले. दोफिने आणि लिमुझें ह्या भागांत 'ब' विरघळून त्याचा स्वर झाला आणि 'फोर' हे रूप निघाले. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी, पामिये गावी जन्मलेले संगीतकार गाब्रिएल फोरे (१८४५–१९२४) ह्यांचे नाव त्याच फांदीवरचे. सावोआ आणि स्वित्झर्लंडच्या बाजूस 'फाव्र', फ्रांश-कोंतेमध्ये 'फैव्र'. ब्रिटनी प्रांताची मूळ भाषा निराळ्या कुळातली. तेथे लोहारास 'गोव' म्हणत, म्हणून तिकडचा लफेव्र 'ल गॉफ' झाला. फ्रान्सच्या नकाशावर ही नावे मांडीत गेल्यास जुन्या बोलींच्या सीमा आपोआप उमटतात. त्या बोलींपैकी कित्येकींचा आवाज शाळा, सैन्य आणि रेल्वे यांनी मिळून बंद केला. आडनावांनी तो साठवून ठेवला. आल्बेर दोझा ह्या भाषापंडिताने १९५१ साली फ्रेंच आडनावांचा जो व्युत्पत्तिकोश प्रसिद्ध केला, तो ह्या कारणाने भाषेच्या इतिहासाचाही ग्रंथ झाला आहे.

प्रश्न असा, की धंद्याचे नाव कुळाचे आडनाव केव्हा झाले? गॉलमध्ये रोमन पद्धतीची अनेकपदी नावे लुप्त झाल्यावर कित्येक शतके माणसास एकच नाव असे, ते बाप्तिस्म्याचे. अकराव्या-बाराव्या शतकांपासून वस्ती वाढली, गावे दाट झाली. उलट संतांची आवडती नावे मोजकीच. एका गावात दहा झां, आठ पिएर आणि सहा गियोम झाले, म्हणजे ओळखीसाठी काहीतरी शेपूट जोडणे भागच पडले. कोणास बापाचे नाव जोडले, कोणास वाडीचे, कोणास अंगाच्या खुणेचे, तर कोणास धंद्याचे. ही शेपटे गावाने लावली; ज्याची त्याने निवडली नाहीत, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. केसांचा रंग, पायातला लंगडेपणा, स्वभावातला कंजूषपणा, काहीही गावाच्या नजरेतून सुटले नाही आणि पुढे ते नातवंडांच्या माथी बसले. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी उभारणारा सेनानी आपल्या इतिहासांत 'डी बॉयन' म्हणून येतो. तो सावोआतील शांबेरी गावच्या कातडी-केसाळ वस्त्रांच्या व्यापाऱ्याचा मुलगा (१७५१–१८३०), आणि त्याचे घरचे आडनाव 'लबोर्न्य' होते. त्याचा सरळ अर्थ 'एकडोळ्या'. परमुलखात नशीब काढावयास निघालेल्या तरुणाने ते जरासे वळवून भारदस्त करून घेतले, यात नवल नाही. लोहाराच्या वंशजांस तशी गरज भासली नाही.

उलट, हे नाव इतके पसरण्याचे कारणच लोहाराच्या प्रतिष्ठेत आहे. नांगराचा फाळ, घोड्याचा नाल, विळा, कुऱ्हाड, दाराचा कडीकोयंडा ह्या सर्वांसाठी गावास लोहार हवाच; पण एका गावास लोहार एकच पुरतो. आपल्या बलुतेदारीतही गणित तेच होते. जेथे शंभर नांगऱ्ये तेथे 'नांगऱ्या' म्हणून कोणाची ओळख पटत नाही; जेथे एकच भाता तेथे 'तो लोहार' म्हटले की पुरे. हा 'तो'सुद्धा नावात शिरला आहे. लफेव्रातील 'ल' म्हणजे फ्रेंचमधले निश्चयवाचक उपपद, आणि ते नावास चिकटविण्याची हौस मुख्यत्वे उत्तरेची. म्हणून नॉर्मंडी, पिकार्दी, फ्लँडर्स ह्या बाजूस लफेव्र दाट, आणि दक्षिणेस उपपदाविना फाब्र आणि फोर. लफेव्राच्या निरनिराळ्या लेखनांत विभागूनही हे नाव फ्रान्समधल्या पहिल्या वीस आडनावांत मोडते. सर्व बोलींतले लोहार एकत्र केले तर ते बहुधा बरेच वर जाईल.

पॅरिसचा प्रमुख अंमलदार एत्येन ब्वालो याने १२६८ च्या सुमारास शहरातील धंद्यांचे नियम एका ग्रंथात नोंदवून ठेवविले. त्यात 'फेव्र' हा शब्द मोठ्या छत्रीसारखा वापरलेला दिसतो : नालबंद, शिरस्त्राणे करणारे, ओबडधोबड लोखंडी काम करणारे, सर्व त्याखाली. हा धंदा राजाकडून विकत घेतल्यावाचून पॅरिसमध्ये कोणास करता येत नसे. पुढे १२९२ सालची शहराची करआकारणीची यादी मिळते. तीत सुमारे १५,००० करदाते आहेत आणि त्यांच्या नावांपुढे धंद्यांची नावे आहेत. पण ती धंद्याची नोंद की आडनाव, हे त्या यादीवरून प्रत्येक वेळी ठरविता येत नाही, आणि खरी मौज ह्या संधिकाळातच आहे. ज्या दिवशी कोणा लोहाराचा मुलगा पाव भाजू लागला आणि तरीही शेजारी त्यास लफेव्रच म्हणत राहिले, त्या दिवशी आडनाव जन्मास आले. त्या दिवसाची नोंद कोठे होणे शक्य नव्हते.

यानंतर एक चमत्कारिक गोष्ट घडली : शब्द मेला आणि नाव जगले. आपल्याकडे लोहार ऐरणीवरही आहे आणि हजेरीपटावरही आहे. फ्रेंचमध्ये 'फेव्र' हा सामान्य शब्द हळूहळू व्यवहारातून गेला. त्याच्या छत्रीखालचे कारागीर एकेक करून बाहेर पडले. कुलूपवाल्यास वेगळे नाव मिळाले, नालबंदास वेगळे, आणि साध्या लोहारास 'फोर्झरों' म्हणू लागले. हा नवा शब्द 'फोर्झ' म्हणजे लोहाराची भट्टी यावरून आला, आणि 'फोर्झ' हे पुन्हा लॅटिन 'फाब्रिका'चे, म्हणजे 'फाबेर'च्याच लेकीचे झिजलेले रूप. घरातल्या वडीलधाऱ्यास काढून नातवाने गादी घ्यावी, तसा हा प्रकार. 'फेव्र' उरला तो फक्त 'ऑर्फेव्र' ह्या जोडशब्दात. 'ऑर' म्हणजे सोने. पॅरिसमध्ये सेन नदीच्या काठचा एक धक्का सोनारांच्या नावाने प्रसिद्ध आहे; सीमेनोंच्या गुप्तपोलिसी कादंबऱ्यांतील मैग्रे साहेबांची कचेरी तेथेच. आज आपल्या नावाचा अर्थ काय असे एखाद्या लफेव्रास विचारले, तर तो त्यास कोशातून किंवा आजोबांकडून कळलेला असतो. बोलीतून कळत नाही.

नालबंदास जो शब्द मिळाला, तो 'मारेशाल'. मूळ जर्मानिक भाषेत त्याचा अर्थ 'घोड्यांचा चाकर'. घोडे राजाचे असले म्हणजे चाकरही मोठा होतो. म्हणून एकीकडे नालबंद आणि दुसरीकडे सेनापती अशा दोन टोकांस तो एकच शब्द जाऊन बसला. त्यावरूनच इंग्रजी 'मार्शल' आला. आता फ्रांस्वा-झोझेफ लफेव्र यांच्याकडे पाहा. ते १७५५ साली आल्सासमधील रुफाक गावी सामान्य घरात जन्मले, १७७३ साली राजाच्या रक्षक पलटणीत साधे शिपाई म्हणून भरती झाले, आणि नेपोलियनने १८०४ साली त्यांस मार्शल केले. डांत्सिगचा वेढा यशस्वी केल्याबद्दल पुढे त्यांस त्या शहराची ड्यूक ही पदवी मिळाली. त्यांची पत्नी काथरीन ही पलटणीचे कपडे धुणारी. सरदारीण झाल्यावरही तिने आपली बोली आणि रीत सोडली नाही. तिच्यावर सार्दू आणि मोरो यांनी १८९३ साली रंगभूमीवर आणलेले नाटक खूप गाजले. पण मार्शल लफेव्र ही पदवी आणि आडनाव मुळापर्यंत नेऊन वाचले, तर 'नालबंद लोहार' एवढेच उरते! दरबारात ह्या विनोदाकडे कोणाचे लक्ष गेले नसावे. मार्शलसाहेब १८२० साली वारले. त्यांच्या मागे एकही मुलगा उरला नव्हता, त्यामुळे ती ड्यूकगिरी त्यांच्याबरोबरच संपली. आडनाव मात्र कोणा एका घराण्यावर अवलंबून नव्हते. जेथे जेथे लोहारशाळा तेथे तेथे ते स्वतंत्रपणे उगवले होते. सर्व लफेव्र एका मूळपुरुषाचे वंशज नव्हेत. वंशवृक्षाच्या नादी लागणाऱ्यांचा येथे नेहमी हिरमोड होतो.

आता त्या न उच्चारलेल्या अक्षराकडे वळू. साधे लेखन एल्, ई, एफ्, ई, व्ही, आर्, ई असे. दुसऱ्या लेखनात व्ही-च्या आधी एक बी येतो, पण वाचतात पूर्वीप्रमाणेच. चौदाव्यापासून सोळाव्या शतकापर्यंत फ्रान्समधील कचेऱ्यांत आणि न्यायालयांत कारकुनांची मोठी फौज वाढली. ही मंडळी लॅटिन शिकलेली. रोजचे काम मात्र अधिकाधिक फ्रेंचमध्ये. लॅटिनमध्ये 'फाबेर' आणि फ्रेंचमध्ये नुसता 'फेव्र', मध्ये बी नाही, हे त्यांच्या डोळ्यांस खुपले. त्यांनी बी परत आणून बसविला. उच्चार बदलण्याचा त्यांचा हेतू नव्हता. शब्दाचे कूळ दिसले म्हणजे झाले. आपल्या एखाद्या शास्त्रीबुवांनी 'लोहार' हा शब्द लिहिताना मध्ये 'क' घालावा आणि वाचताना मात्र 'लोहार'च वाचावे, असा आग्रह धरावा, त्यातलाच हा प्रकार. फ्रेंच भाषेत अशी मुकी अक्षरे तेव्हा शेकड्यांनी शिरली. 'बोट' ह्या अर्थाच्या 'द्वा' शब्दातला जी आणि 'सात' ह्या अर्थाच्या 'सेत' शब्दातला पी ही त्यांचीच देणगी. ओळीप्रमाणे मेहनताना मिळे म्हणून कारकून अक्षरे वाढवीत, असा टोमणा त्यांस मारला जातो. टोमणा चटकदार आहे, पण मला तो पुरेसा वाटत नाही.

कारण बीला एक खरे कामही होते. त्या काळच्या हस्ताक्षरात यू आणि व्ही ही दोन अक्षरे वेगळी नव्हती. एकाच आकृतीने स्वर आणि व्यंजन दोन्ही भागवीत. त्यात यू, एन्, एम्, आय् ही सर्व अक्षरे म्हणजे लेखणीच्या उभ्या दांड्यांची रांग. मोडी वाचताना ज्यांनी ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ सोसला आहे, त्यांस हे दुःख समजावून सांगावयास नको. 'फेव्र' लिहिले तर ते 'फेउर' असेही वाचता येई. मध्ये उंच मानेचा बी उभा केला, की त्यापुढची आकृती व्यंजन आहे याची खूण पटे. म्हणजे तो बी अर्धा पांडित्याचा आणि अर्धा सोयीचा होता. पेत्रुस रामुस ह्या पंडिताने १५६२ साली दोन अक्षरांस दोन आकृत्या द्याव्या असे सुचविले. फ्रेंच अकादमीने ते आपल्या कोशात रुजू केले १७६२ च्या आवृत्तीत, दोनशे वर्षांनी! तोवर १७४० च्या आवृत्तीत अकादमीने शब्दांतील हजारो मुकी अक्षरे छाटून टाकली होती. पण अकादमीची सत्ता शब्दांवर चालते, माणसांच्या नावांवर चालत नाही. भाषेतून बी गेला, नावात राहिला.

आणि ज्या घोटाळ्यावर तो उपाय होता, तोच घोटाळा त्याच्याच मुळे उलट्या बाजूने झाला. काही वाचकांनी बीच्या पुढची आकृती स्वर समजून वाचली. 'लफेव्र'चे 'लफेब्यूर' झाले. वाचण्यातील चूक लिहिण्यात उतरली, लिहिण्यातून घराण्यात गेली, आणि मूळ नावाचा गंधही नसलेले एक स्वतंत्र आडनाव तयार झाले. पॅरिसच्या मादलेन आणि सें-स्युल्पीस ह्या चर्चांत ऑर्गन वाजविणारे लफेब्यूर-व्हेली (१८१७–१८६९) ह्यांची कीर्ती ह्या नावाने झाली आहे. असे आडनाव अशुद्ध म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. ज्यास लोक त्या नावाने हाक मारतात आणि जो ओ देतो, त्याचे ते नाव खरेच.

विद्वानांनी तर लेखणी उलटी फिरवून नाव थेट रोमपर्यंत परत नेले. पिकार्दीतील एताप्ल गावचे झाक लफेव्र (मृत्यू १५३६) लॅटिन ग्रंथांवर आपले नाव 'याकोबुस फाबेर' असे घालीत. त्यांनीच नव्या कराराचे फ्रेंच भाषांतर १५२३ साली प्रसिद्ध केले आणि संपूर्ण बायबलाचे १५३० साली आंटवर्पमध्ये. म्हणजे स्वतःच्या नावास लॅटिन वस्त्र आणि धर्मग्रंथास लोकभाषेचे. सावोआत १५०६ साली जन्मलेला पिएर फाव्र हा मेंढरे राखणारा मुलगा पॅरिसमध्ये शिकावयास आला आणि सेंत-बार्ब महाविद्यालयात त्याच्या खोलीत राहावयास फ्रान्सिस झेवियर आणि मागाहून इग्नेशियस लोयोला हे होते. जेसुइट संघाचे बीज त्या खोलीतले. १५३४ सालच्या ऑगस्टमध्ये मोंमार्त्रच्या टेकडीवर जी शपथ झाली, त्या वेळी धर्मदीक्षा झालेला फाव्र एकटाच होता, म्हणून प्रार्थनाविधी त्यानेच चालविला. २०१३ साली त्यास संतपद मिळाले. झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यास उतरले. पुढे आंबोयना बेटावरून १५४६ साली लिहिलेल्या पत्रात ते सांगतात, की युरोपातील सोबत्यांच्या पत्रांतून त्यांच्या हातच्या सह्या कापून घेऊन आपण त्या सदैव अंगावर बाळगतो. नाव स्वतःच्या हाताने लिहिलेले असले म्हणजे त्यास काय मोल येते, हे दूरदेशी राहणाऱ्या माणसासच कळते.

परंतु स्वतःच्या हाताने नाव लिहू शकणारे होते किती? एकोणिसाव्या शतकात लुई माज्योलो यांनी हजारो शाळामास्तरांच्या मदतीने चर्चच्या विवाहनोंदी तपासविल्या. १६८६ ते १६९० च्या दरम्यान सही करू शकणारे वर शंभरात २९ आणि वधू १४ निघाल्या. १७८६ ते १७९० च्या दरम्यान ४७ आणि २७. म्हणजे राज्यक्रांतीच्या उंबरठ्यावरही निम्म्याहून अधिक नवरदेव आपले आडनाव कसे लिहिले गेले हे वाचू शकत नव्हते. पाद्रीबुवांच्या कानाने ऐकले आणि लेखणीने उतरविले, तेच नाव. म्हणून एकाच माणसाचा बाप्तिस्मा बीशिवाय, विवाह बीसह आणि दफन तिसऱ्याच लेखनाने झालेले जुन्या वह्यांत आढळते. तोपर्यंत त्याचे कोणास काही वाटत नसे. १५३९ साली पहिल्या फ्रांस्वा राजाने व्हिलेर-कोत्रे येथून हुकूम काढून बाप्तिस्म्यांच्या नोंदी सक्तीच्या केल्या; त्यातील हेतू वयाचा पुरावा राहावा हा होता. शुद्धलेखनाचे तेथे नाव नव्हते.

नाव गोठले ते क्रांतीच्या काळात. २० सप्टेंबर १७९२ रोजी नोंदवह्या चर्चकडून नगरपालिकांकडे आल्या. पुढच्या वर्षी स्वातंत्र्याचा इतका उत्साह, की नगरपालिकेत सांगून कोणीही आपले नाव हवे ते करून घ्यावे अशी मुभा मिळाली. 'राजा' अर्थाचे 'लर्वा' आडनाव धारण करणाऱ्यांस तिची निकड वाटली असल्यास दोष देता येणार नाही. लोहारास मात्र क्रांतीचे भय नव्हते. नऊ महिन्यांत गोंधळ अनावर झाला आणि ६ फ्रुक्तिदोर, म्हणजे २३ ऑगस्ट १७९४ रोजी उलटा कायदा झाला : जन्मनोंदीत आहे त्याखेरीज दुसरे नाव वा आडनाव कोणत्याही नागरिकाने धारण करू नये. आपल्या वर्गास विशेष वाटेल असे कलम पुढेच आहे. जो सरकारी अधिकारी कागदपत्रांत नागरिकाचे नाव जन्मनोंदीहून वेगळे लिहील, त्यास बडतर्फ करावे, पुन्हा कोणत्याही सरकारी कामास अपात्र ठरवावे, आणि त्याच्या उत्पन्नाच्या चतुर्थांशाइतका दंड करावा! ज्या जमातीने मुकी अक्षरे पेरली, तिलाच आता एक अक्षर इकडचे तिकडे करण्याची बंदी झाली. आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. 'फ्रुक्तिदोर' हे फळांच्या महिन्याचे नाव ज्याने बसविले, तो कवी फाब्र देग्लांतीन. म्हणजे आडनावाने लोहारच. 'देग्लांतीन' हा तुकडा त्याने स्वतः जोडला होता. तुलूझच्या काव्यस्पर्धेत आपणास रानगुलाबाचे पारितोषिक मिळाले, असा त्याचा दावा होता. एप्रिल १७९४ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. आपण नाव ठेवलेल्या महिन्यात असा कायदा होईल, हे पाहावयास तो उरला नाही.

अशा रीतीने त्या ऑगस्टात ज्या घराच्या वहीत बी होता त्याचा तो कायमचा झाला, आणि ज्याच्या वहीत नव्हता त्याचा कायमचा गेला. सख्खे भाऊ दोन गावी जन्मले असतील तर दोन आडनावांचे झाले. १८०३ च्या कायद्याने नाव बदलण्याची वाट ठेवली, पण ती सरकारच्या मर्जीतून जाणारी. वहीवर एवढा भार टाकल्यावर वहीच नाहीशी झाली तर? तेही घडले. १८७१ च्या मे महिन्यात पॅरिस कम्यूनच्या अखेरच्या दिवसांत नगरभवन जळाले. दुसरी प्रत ज्या न्यायालयाच्या इमारतीत होती तीही जळाली. सुमारे ऐंशी लाख नोंदी राख झाल्या आणि पुढे जमेल तेथून पुरावे गोळा करून त्यांपैकी एक-तृतीयांश काय त्या पुन्हा उभ्या करता आल्या. दोन प्रती ठेवण्याची दक्षता घेतली आणि दोन्ही एकाच शहरात ठेवल्या! दप्तरदारांनी घ्यावयाचा तो बोध घ्यावा. त्यानंतर १८७७ पासून प्रत्येक कुटुंबाच्या हाती विवाह-जन्मांच्या नोंदींची एक पुस्तिका देण्याची पद्धत सुरू झाली.

फ्रान्सबाहेर गेलेल्या लफेव्रांस हा कायदा लागू नव्हता. धर्मछळामुळे बाहेर पडलेल्या प्रोटेस्टंट कुटुंबांनी हडसन नदीजवळ न्यू पॉल्ट्झ ही वस्ती १६७८ साली वसविली. तिच्या मूळ बारा सनददारांत दोन लफेव्र आहेत. तेथे इंग्रजी जिभेने त्यांचे 'लफीव्हर' केले. कॅनडातून न्यू इंग्लंडच्या गिरण्यांत मजुरीस गेलेल्यांचे तर वेगळेच झाले. त्यांच्या बोलीत शेवटचा 'र' गळून 'लफेव्ह' उरला होता. 'फेव्ह' म्हणजे फ्रेंचमध्ये घेवड्यासारखी शेंग, तेव्हा कोणीतरी त्याचे सरळ इंग्रजी भाषांतर करून टाकले. लोहाराच्या वंशजांची काही घराणी अमेरिकेत 'बीन' आडनावाने नांदली ती अशी.

त्याच कायद्याची सावली आपल्या देशातही पडली होती. २१ सप्टेंबर १८८१ च्या हुकुमाने फ्रेंच वसाहतींतील हिंदी रहिवाशांस आपला धर्मशास्त्रीय वैयक्तिक कायदा सोडून फ्रेंच दिवाणी कायदा पत्करण्याची मुभा मिळाली. मात्र असे करणाऱ्याने वंशपरंपरा चालेल असे एक आडनाव नोंदवावयाचे. तमिळ रीतीत बापाचे नाव मुलाच्या पुढे लागते आणि पिढीगणिक बदलते. वहीस ते चालणारे नव्हते. ह्या चळवळीचे पुढारी पाँडिचेरीचे वकील पॉन्नुतंबी पिळ्ळै. युरोपीय पद्धतीचे जोडे घालून न्यायालयात येण्यास त्यांस मनाई झाली, तेव्हा त्यांनी तो वाद पॅरिसच्या वरिष्ठ न्यायालयापर्यंत नेऊन जिंकला होता. त्यांनी आडनाव घेतले 'लापोर्त', म्हणजे दरवाजा. कोणाच्या वर्णावरून वा धंद्यावरून गावाने ठेवलेले ते नाव नव्हते. विचार करून माणसाने स्वतः निवडलेले होते. पुढच्या पिढीस मात्र ते इतरांप्रमाणेच वहीतून मिळाले.

फ्रान्समध्ये १ जुलै २०२२ पासून नवा कायदा अंमलात आला आहे. प्रौढ नागरिकास आयुष्यात एकदा, कारण न देता, नगरपालिकेत साधा अर्ज करून बापाच्या आडनावाऐवजी आईचे किंवा दोघांचेही घेता येते. मात्र आपल्या नावातला मुका बी नुसता नको वाटतो म्हणून गाळावयाचा असेल, तर ह्या सोप्या वाटेने जाता येत नाही. त्यासाठी न्यायखात्याच्या मंत्र्याकडे सबळ कारण दाखवून अर्ज करावा लागतो, आणि निकाल येईपर्यंत सही बीसहच करावयाची असते.